कागदावर सही करण्याआधी

अलिबाग

प्रिय चिऊस,


फोनवर मागे सगळ्यांचा गलका होता, म्हणून "लिहून पाठवते" म्हणाले. मुलगा आहे हे तिकडे अमेरिकेत आधीच सांगतात, त्यामुळे सुंतेचा कागदही आधीच हातात येतो. सही करायची का, एवढंच तुला हवं आहे. माझं उत्तर: करू नकोस. पण का, ते नीट वाच, म्हणजे नवऱ्याशी बोलता येईल.

त्याची झाली आहे, त्याच्या वडिलांची झाली आहे, मुलगा वेगळा दिसू नये, हे त्याचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. इथल्या इस्रायल आळीत मी वर्षानुवर्षं बाळं तपासली. बेने इस्रायल कोकणात आले, हिब्रू विसरले, मराठी झाले, घाणे चालवून शनवार तेली म्हणवले गेले. पण शनिवारचा विसावा आणि आठव्या दिवशीची सुंता त्यांनी सोडली नाही. त्या घरांतून "करू का नको" असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की बाळ ठणठणीत आहे ना. त्यांच्या शास्त्रातच आधीचे भाऊ सुंतेनंतर रक्तस्रावाने दगावले असतील तर पुढच्याची करू नये असं सांगितलं आहे. मुसलमान घरांतही सुंता म्हणजे मूल आपल्यात आलं. त्यांना मी कधी नको म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही.

तुमच्या घरी मात्र तो धागा नाही. अमेरिकेत ही चाल बहुतेकांकडे धर्मातून नाही, डॉक्टरांकडून आली. बाळंतपणं हॉस्पिटलात गेली आणि ती सवयीची झाली. आता तीही उतरते आहे: हॉस्पिटलात जन्मलेल्या मुलांपैकी १९७९ साली ६४.५ टक्क्यांची झाली होती, २०१० साली ५८.३ टक्क्यांची. तुझ्या मुलाच्या वर्गात दोन्ही तऱ्हेची मुलं असतील.

फायदे आहेत, ते लपवत नाही. पहिल्या वर्षात लघवीचा संसर्ग कमी होतो. पण एक संसर्ग टाळायला साधारण शंभर बाळांची सुंता करावी लागते, आणि तो संसर्ग औषधाने बरा होतो. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात झालेल्या चाचण्यांत बाईकडून पुरुषाला एचआयव्ही होण्याचा धोका साठेक टक्क्यांनी घटला. पण ते मोठे पुरुष होते, स्वतः होकार देऊन आलेले, साथ जोरात असलेल्या मुलखातले. तुझ्या मुलाला वाटलं तर त्या वयात तोही ठरवील. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली फायदे धोक्यांहून जास्त म्हटले, तरी सगळ्यांची करा असं सांगण्याइतके ते मोठे नाहीत, असंही म्हटलं.

तरीही तुम्ही करायचं ठरवलंत, तर भूल दिल्याशिवाय हात लावू देऊ नका. लघवीचं छिद्र खालच्या बाजूला असेल तर मुळीच नको. ते दुरुस्त करताना तीच कातडी लागते.

आता खरं महत्त्वाचं. जन्मतः ही कातडी आतून चिकटलेली असते. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४९ साली हे मोजून दाखवलं आणि ब्रिटनमध्ये सरसकट सुंता ओसरत गेली. कातडी हळूहळू, वर्षांनी, आपोआप सुटते. आपल्याकडे न्हाऊ घालणारी बाई तेलाचा हात लावून ती रोज मागे ओढते, "नाहीतर पुढे त्रास होईल" म्हणते, आणि घरातली कर्ती बाई मान डोलावते. त्याने बारीक चिरा पडतात, व्रण धरतो आणि कातडी खरोखरच अडकते. माझ्याकडे अशी किती पोरं आली! ज्यांना काहीच झालं नव्हतं, त्यांना प्रेमाने आजारी केलं होतं. बाहेरून पाणी ओतायचं, बस. शू करताना कातडी फुगली तरी घाबरू नकोस. धार अडली, किंवा लाली, सूज आणि ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तुझी आई बाळंतपणाला तिकडे येते आहे. शेंगदाण्याचे लाडू आणि तेलाची बाटली बांधून झाली आहे. ती पोचली की पहिल्याच संध्याकाळी तिला हे पत्र वाचून दाखव.

तुझी,
मावशी