उभ्या गाडीची थरथर

देवाच्या पालखीला खांदा देण्यास पुष्कळ पुढे येतात; पण महाप्रसादाच्या तांदळाची पोती, सभामंडपातील सतरंज्या आणि कीर्तनाची पेटी वाहून आणणाऱ्या पिकअप गाडीची कोणी विचारपूस करीत नाही. अंत्रुज महालातील आमच्या देवस्थानाची जुनी डिझेल गाडी ही सेवा निमूटपणे करीत आली. २०१९ साली जत्रेला आठ दिवस उरले असता तिने आमची जी परीक्षा घेतली, तिची हकिकत वाचकांस सांगावीशी वाटते. कारण तीत गाडी उतरली, आम्ही मात्र उतरलो नाही.

दुखणे मोठे चमत्कारिक होते. रस्त्याने धावताना गाडी सुरेख चाले. पण अग्रशाळेसमोर उभी राहिली, की इंजिनाचा सूर एकदा चढे, एकदा उतरे, आणि सारा सांगाडा हिवताप भरल्यासारखा कापू लागे. "धांवता तेन्ना बरी, पूण उबी रावली की कांपता, बाब," असे चालक सांगत. सकाळी ती सुरू होण्यासही फार वेळ लागे. तो दोष आम्ही बॅटरीच्या माथी मारून मोकळे झालो होतो.

घाईची माणसे जे करतात तेच प्रथम आम्ही केले. मंद गतीचा स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवला. थरथर लपली, गेली नाही. मग डिझेलचा फिल्टर बदलला, नळ्यांत शिरलेली हवा काढली. गुण दोन दिवस टिकला. तेव्हा समितीच्या बैठकीत कोणी तरी म्हणाले, "डिझेलमध्येच काही काळेबेरे असेल." सर्वांचे डोळे दाराशी उभ्या असलेल्या चालकांकडे वळले. खेदाची गोष्ट ही, की आमचेही वळले. इतकेच नव्हे, तर "टाकी कोठे भरता? पावत्या आहेत का?" असे आम्हीच त्यांस विचारले. वीस वर्षे देवाची गाडी हाकणारे ते गृहस्थ एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली समितीच्या मेजावर ठेवलेली आढळली.

शेवटी फोंड्याच्या एका वृद्ध मेस्त्रींस बोलावले. त्यांनी कोणासही दोष दिला नाही. प्रश्न फक्त इंजिनालाच विचारले. इंजिन चालू ठेवून त्यांनी इंजेक्टरांकडे जाणाऱ्या चार नळ्यांचे नट एकामागून एक सैल केले. जी नळी सैल केल्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच निकामी समजावा. येथे प्रत्येक वेळी इंजिन सारखेच लंगडले. म्हणजे चारही निर्दोष. (ही परीक्षा जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत जाणत्यानेच करावी. नव्या कॉमन रेल गाडीच्या नळीत दाब इतका प्रचंड असतो, की ती सैल करणे जिवावर बेतेल.) नंतर त्यांनी आमच्याच टाकीतील डिझेल एका डब्यात काढले, डबा उंच टांगला आणि तेथून थेट पंपाला नळी जोडली. थरथर तत्काळ थांबली! डिझेल शुद्ध, पंप शुद्ध. दोष होता तो टाकी आणि पंप यांच्या मधल्या वाटेत.

मूळची जोडणी पूर्ववत करून त्यांनी पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा तुकडा बसवला. तीतून डिझेलबरोबर बारीक बुडबुडे धावताना दिसले. "वारें भितर सरता," मेस्त्री म्हणाले. फिल्टरजवळची रबरी नळी क्लिपेखाली चिरली होती. खाली डिझेलचा थेंबही नव्हता, कारण ही बाजू शोषणाची; तेथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्री त्याच चिरेतून हवा शिरून डिझेल टाकीकडे परते. सकाळच्या कुरकुरीचे कारणही तेच. मंद गतीत प्रत्येक वेळी इंजिनाला डिझेल अगदी अल्प लागते, म्हणून लहानसा बुडबुडाही ताल चुकवतो. वेगात डिझेल जास्त जाते आणि जड फ्लायव्हील आपल्या नेटाने चूक झाकून नेते.

नवी नळी आणि नव्या क्लिपा बसवल्या. फिल्टरवरचा हातपंप दाबून, बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू देऊन स्क्रू आवळला. आम्ही पिळलेला मंद गतीचा स्क्रूही मेस्त्रींनी मूळ जागी आणला. खर्च अवघा काही शेकड्यांचा.

त्या संध्याकाळी आम्ही चालकांच्या घरी गेलो. आमच्या हातातील चिरलेली नळी त्यांनी निरखून पाहिली आणि विचारले, "गाडी बरी जाली न्ही?" आपल्या अपमानाविषयी एक अक्षर नाही! आम्ही घरात क्षमा मागितली. परंतु आरोप चारचौघांत झाला होता, तेव्हा तेवढ्याने ऋण फिटत नव्हते. पुढील बैठकीत त्याच मंडळींसमोर आम्ही आपली चूक कबूल केली व ती इतिवृत्तात नोंदवून घेतली. तेव्हाच त्यांनी किल्ली उचलली.

जत्रेच्या रात्री अग्रशाळेसमोर पोती उतरत होती आणि गाडीचे इंजिन एका संथ सुरात चालले होते. आम्ही क्षणभर तेथे उभे राहिलो. संशयही त्या हवेसारखाच असतो. आत शिरताना कोठे थेंब सांडत नाही. तो कोठून शिरला हे शोधण्याआधी आम्ही माणसाकडे बोट दाखवले, याची लाज अजून वाटते.