हात बदलतो तेव्हा

१९५५ साली जिम हेन्सन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने आपल्या आईचा जुना हिरवट कोट कापून एक बाहुला शिवला. डोळ्यांसाठी टेबलटेनिसच्या चेंडूचे दोन अर्ध लावले. तोच पुढे जगभर ‘कर्मिट’ या नावाने ओळखला जाणारा बेडूक झाला. यथावकाश त्याच्याभोवती मिस पिगी ही मानी डुकरीण, विनोद करण्याची हौस असूनही हमखास फसणारे फॉझी नावाचे अस्वल आणि कोणत्या जातीचा प्राणी आहे हे कोणालाच न कळणारा गॉन्झो असा गोतावळा जमला. या बाहुल्यांना हेन्सन यांनी ‘मपेट’ हे नाव दिले. अमेरिकन दूरचित्रवाणी कंपन्यांनी नाकारलेला त्यांचा ‘द मपेट शो’ अखेर ल्यू ग्रेड यांच्या आश्रयाने इंग्लंडमध्ये तयार झाला आणि १९७६ ते १९८१ या काळात त्याचे १२० भाग झाले. देशोदेशींच्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी तो एकत्र बसून पाहिला.

या बाहुल्यांवर जीव लावणाऱ्या रसिकांत गेली अनेक वर्षे एक वाद चालू आहे. मपेट्सची पूर्वीची जादू ओसरली काय? एक पक्ष म्हणतो, ती १६ मे १९९० रोजीच संपली; त्या दिवशी वयाच्या अवघ्या ५३व्या वर्षी हेन्सन निवर्तले. दुसऱ्या पक्षाच्या मते ती २००४ साली डिस्ने कंपनीने ही पात्रे विकत घेतली तेव्हा गेली. तिसरा पक्ष समजुतीच्या स्वरात सांगतो की, जादू आहे तेथेच आहे, आपले बालपण तेवढे मागे पडले.

पोरखेळाविषयी थोरांनी घातलेला वाद म्हणून हे सारे हसण्यावारी नेता येईल. आम्हाला मात्र तसे करवत नाही. एखादी प्रिय गोष्ट एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा तिच्यातले काय टिकते आणि काय निसटते, हा या वादामागील खरा प्रश्न आहे. वाडवडिलांकडून मिळालेली श्रद्धा मुलाबाळांच्या हाती सोपवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्या आपणा सर्वांना हा प्रश्न परका कसा असेल?

प्रथम बाहुला कसा चालतो ते पाहू. मपेट चालवणारा कलावंत प्रेक्षकांना दिसत नाही. तो खाली उभा राहतो, एक हात डोक्यावर उंच धरून बाहुल्याचे तोंड हलवतो आणि दुसऱ्या हाताने बारीक काडीच्या साहाय्याने बाहुल्याचे हात हलवतो. त्याची नजर समोरच्या लहानशा पडद्यावर खिळलेली असते. प्रेक्षकांना जे दिसणार तेच त्यालाही तेथे दिसते. तो स्वतः त्या चित्रात कोठेच नसतो. कर्मिट गोंधळला की त्याचा चेहरा आक्रसतो, तो आक्रस म्हणजे आतल्या हाताची आवळलेली बोटे असतात. कापडाला स्वतःचा भाव नाही, तो हाताचा आहे. म्हणून पहिल्या पक्षाचे म्हणणे वेडगळ ठरत नाही. पस्तीस वर्षे तो हात आणि तो आवाज हेन्सन यांचा होता. हातच गेला, तर उरले काय?

या प्रश्नाचे पहिले उत्तर एका मंदिरातच मिळाले, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते. २१ मे १९९० रोजी न्यूयॉर्कमधील सेंट जॉन द डिव्हाइन या अँग्लिकन परंपरेच्या कॅथेड्रलमध्ये हेन्सन यांची स्मरणसभा झाली. कोणीही काळी वस्त्रे घालून येऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. जमलेल्यांच्या हाती काडीवर नाचणारी रंगीत फुलपाखरे दिली होती. ‘सेसमी स्ट्रीट’ या कार्यक्रमातील ‘बिग बर्ड’ हा प्रचंड पिवळा पक्षी वेदीकडे चालत आला आणि त्याने कर्मिटचे गाणे गायिले. त्या पक्ष्याच्या आत कॅरल स्पिनी हे कलावंत होते. शेवटी हेन्सन यांच्या सहकाऱ्यांनी एक गीत आरंभिले. प्रथम एकच आवाज, मग दुसरा, मग तिसरा. आणि प्रत्येकाने आपापला बाहुला हातावर चढवला. गुरूच्या वियोगाने ज्यांचे कंठ दाटले होते, त्यांनीच हात वर केले होते.

त्यांपैकी स्टीव्ह व्हिटमायर यांनी कर्मिटची जबाबदारी स्वीकारली. १९९२ साली ‘द मपेट ख्रिसमस कॅरल’ हा चित्रपट आला. चार्ल्स डिकन्स यांच्या १८४३ सालच्या नाताळकथेवर तो आधारलेला आहे आणि दिग्दर्शन हेन्सन यांचे पुत्र ब्रायन यांचे आहे. कृपण स्क्रूजची भूमिका मायकेल केन या नामांकित नटाने केली. समोर बाहुले आहेत याचे सूचक हसू त्यांच्या चेहऱ्यावर एकदाही उमटत नाही. एखाद्या मातब्बर नाटकमंडळीत उभे असल्याप्रमाणे ते गांभीर्याने अभिनय करतात. म्हणूनच कर्मिटने रंगवलेला गरीब कारकून आपल्या आजारी मुलाला खांद्यावर घेऊन येतो तेव्हा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. चित्रपटगृहांत त्याला मोठे यश लाभले नाही. पण पुढे तो अनेक कुटुंबांच्या नाताळाचा भाग झाला. चित्रपटगृहांसाठी वगळलेले त्यातील एक गीत परत जोडावे, असा आग्रह रसिकांनी वर्षानुवर्षे धरला आणि २०२२ साली ते गीत असलेली संपूर्ण आवृत्ती उपलब्ध झाली. हेन्सन यांच्याबरोबर जादू संपली असती, तर हे घडते ना.

मग दुसऱ्या पक्षाचे काय? २०१५ साली अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर ‘द मपेट्स’ नावाची नवी मालिका सुरू झाली. तीत कर्मिट आणि मिस पिगी विभक्त झालेले दाखवले, कचेरीतील हेवेदावे आणि प्रौढांचे विनोद घातले. निर्मात्यांना जणू बाहुल्यांच्या भाबडेपणाची लाज वाटत होती. सोळा भागांनंतर ती बंद पडली. २०१६ साली व्हिटमायर यांनाही दूर करण्यात आले. त्याची कारणे दोन्ही बाजू वेगवेगळी सांगतात. मिस पिगी आणि फॉझी यांचे मूळ चालक फ्रँक ऑझ यांनी २०२१ साली एका मुलाखतीत खंत व्यक्त केली की, बाहुल्यांतला पूर्वीचा प्राण आता जाणवत नाही. हेन्सन यांच्या अखेरच्या कामांपैकी एक असलेला, फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानात १९९१ पासून चाललेला मपेट्सचा खेळही जून २०२५ मध्ये बंद झाला. शेवटच्या प्रयोगांना जमलेल्या रसिकांना कोणी भाबडे म्हणावे, असे आम्हाला वाटत नाही. ज्याने आपल्याला हसवले त्याच्यासाठी रडणे ही कृतज्ञता आहे.

दोन्ही पक्षांचे ऐकून घेतल्यावर आमच्या मनात एक गोष्ट स्पष्ट होते. व्हिटमायर १९७८ पासून हेन्सन यांच्या शेजारी उभे राहून शिकले होते. २०१७ पासून कर्मिट चालवणारे मॅट व्होगेल हे बिग बर्डचे काम वृद्ध स्पिनी यांच्या हाताखाली शिकले. आपल्याकडे यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव त्यांचे पुत्र रामदास यांनी बोलता ठेवला आणि पुढे नातू सत्यजित यांनी तो वारसा उचलला, तोही घरातच पाहून, ऐकून, चुकत माकत. कापड, नाव आणि हक्क विकत घेता येतात. हात मात्र सहवासातच घडतो. जेथे सहवास होता आणि बाहुल्यावर श्रद्धा होती, तेथे हात बदलूनही जादू टिकली. जेथे केवळ मालकी होती, तेथे तोच बाहुला, तेच डोळे असूनही काहीतरी निसटले.

‘मपेट शो’मध्येच स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ नावाचे दोन वृद्ध आहेत. नाट्यगृहाच्या सज्जात बसून ते प्रत्येक खेळाला नावे ठेवतात. सारे कसे नीरस झाले आहे ते एकमेकांना सांगून खदाखदा हसतात आणि पुढल्या खेळाला पुन्हा त्याच खुर्च्यांवर हजर असतात! हे दोघे आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. प्रत्येक चर्चच्या मागल्या बाकावर त्यांची जोडी आढळते. “आधीचे फादर होते तेव्हा प्रवचन ऐकावेसे वाटे”, “लॅटिन मिस्साची सर या मिस्साला नाही”, “नाताळात पूर्वीची गोडी राहिली नाही.” त्यांच्यावर रागावण्याचे कारण नाही. ते दर रविवारी येतात, हे त्यांच्या प्रेमाचे प्रमाण आहे.

अर्थात, साक्रामेंत म्हणजे बाहुल्याचा खेळ नव्हे. पुरोहिताचा हात दुबळा असला तरी कृपा ख्रिस्ताचीच असते, हे संत ऑगस्टीन यांच्या काळापासून ख्रिस्तसभा शिकवत आली आहे. म्हणून धर्मगुरू बदलले तरी वेदीवर काही उणे होत नाही. मिस्सामध्ये आम्ही पवित्र भाकर उंच धरतो तेव्हा भाविकांनी त्या भाकरीकडे पाहायचे असते, धरणाऱ्याकडे नव्हे. परंतु घरातली श्रद्धा, संध्याकाळची रोझरी, उपवासकाळाची शिस्त, नाताळाची गोडी या गोष्टी माणसांच्या हातांवरच अवलंबून असतात. आजीच्या शेजारी गुडघे टेकून बसलेले मूल प्रार्थनेचे शब्द पाठ होण्याआधी तिचे मणी सरकवणारे बोट पाहते. ते बोट ज्याने पाहिले नाही, त्याला पुढे कितीही सुंदर रोझरी भेट दिली तरी ती पेटीतच राहते.

“मुलांना नाताळाचे काहीच वाटत नाही” अशी तक्रार पालक आमच्याकडे करतात तेव्हा आम्ही त्यांना विचारतो, “यंदा गोठा कोणी केला?” बहुधा उत्तर मिळते की, तो बाजारातून तयार आणला. दिवे लागतात, मूर्ती सुबक असतात. मुलांनी त्याला हात लावू नये, अशी ताकीदही असते. पूर्वीचा गोठा बेढब होता. पण पेंढा कोणी आणला, डोंगरासाठी कागद कोणी चुरगळला, तारा कोणाच्या हातून वाकडा लागला, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. गोडी तेथे होती आणि ती आजही तेथेच मिळेल.

तेव्हा वाचकहो, येत्या आगमनकाळात गोठा मांडताना घरातल्या सर्वांत लहान मुलाला जवळ बोलवा आणि एखादा मेंढपाळ त्याच्या हाती द्या. तो उलट्या तोंडाने उभा राहिला, तर लगेच सरळ करू नका. बाळ येशू कोठे आहे ते त्या मुलाला दाखवा. मेंढपाळाचे तोंड ते स्वतःच वळवील.