पावणेपाचचा कप्पा



पावणेपाच वाजले की मी समोरची फाईल बाजूला सारते, हात धुऊन येते आणि डब्याचा खालचा कप्पा उघडते. शेजारच्या टेबलावर तेव्हा चहा चाललेला असतो. आता त्याचं कुणाला काही वाटत नाही, मलाही नाही. पण इथवर यायला एक अख्खं वर्ष लागलं, आणि एक जपानी पद्धतीचा डबा.

रात्रिभोजन त्यागाचा नियम मी दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात माताजींकडून घेतला. घेताना डोळे भरून आले होते. पाळायचं म्हणजे काय, ते कार्तिकात कळलं. मी कळंबहून यवतमाळला नोकरीसाठी रोज ये-जा करते. सरकारी कचेऱ्यांना 2020 मध्ये पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, शनिवार मोकळा मिळाला, पण सुटायची वेळ सव्वासहावर गेली. हिवाळ्यात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं, जेवण आटोपलेलं हवं. हिशेब केला तर पावणेपाच. त्या वेळी मी कागदांच्या ढिगाऱ्यात असते. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो म्हणावं, तर तेव्हाही सूर्य मावळताना मी गाडीतच.

पहिला हिवाळा मी कसा काढला ते सांगायला लाज वाटते. दुपारच्या डब्यातली एक पोळी गुंडाळून ठेवायची आणि संधी साधून रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठ्यांच्या आड उभ्या उभ्या खायची. कुणी आलं की घास तोंडात तसाच. काही दिवशी बैठक लांबायची, मग तेवढंही नाही. पौषात एका संध्याकाळी कळंबच्या स्टँडवर उतरले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. संत्री विकणाऱ्या एका बाईनं आपल्या अंगाखालचं पोतं मला दिलं आणि म्हणाली, "बसा ताई, बसा." घरी कळल्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं: नोकरी करणाऱ्या बाईला हा नियम झेपत नाही, माताजींना विचारून मोकळा करून घे. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं मला जास्त लागलं.

मे महिन्यात लेक पुण्याहून आली, तिनं हा डबा आणला. ती मोबाईलवर जपानी बायकांचे डबे भरतानाचे व्हिडिओ पाहत असते. त्याला तिकडे 'बेंतो' म्हणतात. एकावर एक दोन कप्पे, वरून रबरी पट्टा, सगळा मिळून वीतभर. माझ्या जुन्या चार पुडांच्या डब्यापुढे अगदीच भातुकलीतला. मी म्हटलं, "एवढ्याशात माझं काय होणार ग?" ती म्हणाली, "आई, आधी भरायला तर शीक."

भरायची पद्धत खरंच वेगळी आहे. डब्यात पोकळी ठेवायची नाही, म्हणजे हिंदकळून एकाचं दुसऱ्यात जात नाही. जागेची वाटणी ठरलेली: तीन भाग भात, एक भाग मुख्य पदार्थ, दोन भाग भाज्या. पांढरा, काळा, लाल, हिरवा, पिवळा असे पाच रंग साधायचे. आणि सगळं निवल्याशिवाय झाकण लावायचं नाही. वाफ कोंडली की पाणी सुटतं, पाणी सुटलं की अन्न बिघडतं.

पण त्या डब्यांत असतं काय? गाजराची फुलं, अंड्याच्या गुंडाळ्या, अळंबी. भाताच्या गोळ्याभोवती जी काळी पट्टी असते ती समुद्रातल्या शेवाळाची, आणि शेवाळ तर आपण अनंतकायात धरतो. सोया सॉस आंबवलेला. भातावर मधोमध जे लाल फळ ठेवतात ते महिनोन्‌महिने मुरवलेलं, आपल्याकडे लोणच्याची मर्यादा एका दिवसाची. मी एकेक काढत गेले आणि शेवटी डबाच उरला. जपानात बौद्ध मठांमधलं शाकाहारी जेवण असतं, शोजिन नावाचं, त्यात कांदा-लसूणही चालत नाही, हे लेकीनं सांगितलं तेव्हा मला जवळचं कुणी भेटल्यासारखं झालं. पुढे पाहिलं तर मुळा, गाजर, कमळकंद सगळं आहे. चला, अर्ध्या वाटेपर्यंत तरी सोबत.

तिकडच्या नोकरदार बायका रविवारी आठवड्याचं करून फ्रीजमध्ये ठेवतात आणि रोज थोडं थोडं डब्यात भरतात. लेकीनं हे सांगितलं मात्र, सासूबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "मंग ते शिळंच खातात म्हणा ना!" म्हणजे ती सोयही गेली. आमच्याकडे पीठसुद्धा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांवर वापरत नाहीत. मला पहाटे उठणं चुकणार नव्हतंच.

मग एका सकाळी डबा भरता भरता लक्षात आलं की कप्पे दोन आहेत आणि माझी जेवणंही दोन आहेत. भाताची, वरणाची मर्यादा दोन प्रहर, म्हणजे 6 तास. सात वाजता भात उतरवला तर एक वाजेपर्यंत चालतो. पोळी-पुरीची मर्यादा चार प्रहर, 12 तास. म्हणजे वरच्या कप्प्यात भात आणि भाजी, दुपारची. खालच्यात दशमी, पराठा, सांबारवडी, कोरडे हरभरे, पावणेपाचची. मुनींच्या आहारासाठी चौका लावताना ज्या मर्यादा तोंडपाठ म्हणून दाखवत होते, त्यांचा माझ्या नोकरीच्या डब्याशी काही संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं. आणि त्या जपानी बायका ज्या ओलाव्याला भितात, त्याच ओलाव्याला आपली मर्यादा भिते. तिकडे ओदाते नावाच्या गावी लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून डबे करतात, ते लाकूड वाफ पिऊन घेतं म्हणतात. आपल्या आज्या भाकरी दुरडीत फडक्यावर ठेवायच्या, ते आणखी कशासाठी?

भाताचे गोळे मात्र पहिले पंधरा दिवस जमले नाहीत. घरी एचएमटी तांदूळ असतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून निवडून तयार केलेलं हे वाण, त्याचा भात मोकळा, सडसडीत. वरणासोबत त्याला तोड नाही, पण गोळा वळायला घेतला की हातातून सांडतो. आंबेमोहोर आणला, तेव्हा जमलं. त्यात लिंबू, मीठ, वरून भाजलेले काळे तीळ.

रंगांचं म्हणाल तर आपल्याकडे काय कमी आहे? पिवळी मुगाची डाळ, लाल टोमॅटो, कच्च्या केळीचे काप, पौषात तुरीचे सोले. सोले निवडायला वेळ लागतो, कारण एकेक शेंग उघडून दाणा अन् दाणा पाहावा लागतो. व्हिडिओत वाटाणे भसकन ओततात, ते पाहून माझ्या पोटात गोळा येतो. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, तेव्हा हिरवा रंग अख्ख्या मुगाचा.

आता एक कबुली. मला या डब्याचा नाद लागला. काकडीच्या चांदण्या करायचा साचा मागवला. फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायला लागले, वाहवा मिळाली. उरलेल्या काकडीच्या कडा मीच तोंडात टाकायची. एक दिवस सामायिकाला बसले आणि मनात उद्याच्या कप्प्यात लाल काय ठेवावं हे चाललेलं. सासूबाई रोज एकदा म्हणायच्याच, "हे जेवायचं हाय का पाहायचं?" मी हसून वेळ मारून न्यायची, पण सामायिकातून उठले त्या दिवशी त्यांना उत्तर देता आलं नाही. साचा कपाटात गेला, फोटो बंद केले.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय, तसा सातव्या दिवशी सातवा. अहिंसाव्रताच्या पाच भावना आल्या, त्यांतली शेवटची आलोकितपानभोजन. उजेडात, नीट पाहून खाणं-पिणं. लहानपणापासून ऐकत आलेला शब्द. एवढ्यात बरगडीत कोपर बसलं. सासूबाई समोर बघत, ओठ न हलवता म्हणाल्या, "पाहूनच खायचं हाय व्हय." घरी येताना मी विषय काढला तर त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण दुसऱ्या दिवसापासून सोले, मूग, सांबार निवडायला त्या माझ्या शेजारी बसतात. चष्मा लावून. माझ्या नजरेतून सुटलेलं त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

साहेबांना विचारायचं धाडस त्याच आठवड्यात केलं. पावणेपाचला दहा मिनिटं हवीत, नियम आहे. ते म्हणाले, "चहाला लोक अर्धा अर्धा तास जातात, तुम्ही जेवा की." एवढ्याशा उत्तरासाठी मी एक हिवाळा गठ्ठ्यांआड काढला होता.

शास्त्रात स्त्रीचा पूर्ण आहार 28 घासांचा सांगितला आहे, त्याहून कमी घेणं हे अवमौदर्य तप. एकदा मी खालच्या कप्प्याचे घास मोजले, सतरा भरले. तप आपोआप घडतंय म्हणून घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "अन् दुपारचे कोण मोजणार?"

उद्या चतुर्दशी. वर आंबेमोहोराचे गोळे, तीळ लावून, आणि अख्खे मूग. खाली दशम्या, भाजलेले हरभरे, मुगवड्यांची सुकी भाजी. मूग भिजत घातलेत.

परवा स्टँडवर उतरले, तर तीच बाई संत्री घेऊन बसलेली. मी अर्धा डझन घेतली. तिनं पोतं थोडं सरकवलं आणि विचारलं, "आज बसत नाही काय ताई?"

"नाही बाई," म्हटलं, "आज ठीक आहे."