धडा आधी, फीचर नंतर

आमच्या गटात एक नियम आहे आणि त्यावरून नव्या मंडळींशी हमखास वाद होतो. अमुक एक फीचर आपल्या पॅकेजमध्ये घालूया असं कोणी सुचवलं, की आम्ही म्हणतो, आधी त्याचा धडा लिहून आण, कोडचं मग बघू. धडा लिहायचा तो पायथन नुकतीच शिकलेल्या, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्यासाठी. त्याने काय टाइप करायचं, पडद्यावर काय दिसलं पाहिजे आणि नाहीच दिसलं तर काय करायचं, हे सगळं त्यात यायला हवं. दोन पानांत तो बसला नाही, तर फीचरचा आराखडाच पुन्हा तपासायचा.

काम तसं लहानच आहे. जँगो या ओपन सोर्स वेब फ्रेमवर्कचे मराठीतले धडे आम्ही लिहितो, कॉलेजांच्या लॅबमध्ये जाऊन शिकवतो आणि मराठी मजकुरासाठी लागणाऱ्या सोयींचं एक छोटं पॅकेज सांभाळतो. जँगो जन्मलं ते अमेरिकेत, कॅन्ससमधल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या कचेरीत. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ते तिथल्या कामासाठी उभं करायला घेतलं आणि जुलै २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीच्या घाईत आजच्या आज पान उभं करायचं, ही त्यामागची गरज. म्हणूनच की काय, त्यातला ॲडमिन आयता मिळतो. सेटिंग्जमध्ये भाषेच्या जागी 'एमआर' लिहिलं, की त्याच ॲडमिनमधली बटणं मराठीत दिसू लागतात. लॅबमध्ये त्या क्षणी मुलांच्या खुर्च्या पुढे सरकतात, हे मी नेहमी पाहते.

जँगोचं स्वतःचं ट्युटोरिअल मला फार आवडतं. एक साधं मतदानाचं ॲप, एक प्रश्न आणि त्याचे पर्याय, एवढ्यावर त्याचे आठ भाग उभे आहेत. पाचव्या भागात तर लेखकांनी आधी मुद्दाम ठेवलेला एक दोष उघड होतो: एखादा प्रश्न अलीकडचा आहे का, हे सांगणारं फंक्शन पुढच्या महिन्याची तारीख असलेला प्रश्नही 'अलीकडचा' ठरवतं. तो दोष पकडणारी टेस्ट विद्यार्थ्याने लिहायची, ती नापास होताना पाहायची आणि मग कोड दुरुस्त करायचा. टेस्ट कशासाठी लिहायची यावर तासभर बोलून जे साधत नाही, ते या दोन परिच्छेदांत साधतं. नवशिक्याला इतका मान देणारं लेखन मी फार थोडं वाचलं आहे.

तरी ते जसंच्या तसं मराठीत आणून आमचं भागलं नसतं, कारण अडायला होतं ते वेगळ्याच जागी. लॅबमध्ये विंडोज असतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करायला जावं, तर पॉवरशेल लाल अक्षरांत सांगतं की इथे स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही. वेबचा एक शब्दही कानावर पडण्याआधी अर्धा वर्ग तिथे थबकतो. पुढे ॲडमिनसाठी सुपरयूजर तयार करायचा असतो. टर्मिनल पासवर्ड मागतं, मुलं टाइप करतात आणि पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. "मॅडम, कीबोर्ड गेला वाटतं," असं कोणीतरी म्हणतंच. एक मुलगी तर काही न विचारता मुकाट्याने शेजारच्या मशीनवर जाऊन बसली होती. तेव्हापासून आमच्या धड्यात त्या कमांडच्या आधी ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: आता जे टाइप कराल ते दिसणार नाही, तरी टाइप करा आणि एंटर दाबा.

अशा जागा टिपून ठेवणं हेच आमचं नियोजन. मोठ्या फ्रेमवर्कलाही हे लागू पडतं असं माझं मत आहे आणि त्याला आधार आहे. जँगोच्या १.११ पर्यंतच्या आवृत्त्यांत ट्युटोरिअलच्या तिसऱ्या भागात युआरएल लिहायला रेग्युलर एक्स्प्रेशन लागायची. कॅरेट, कंस, प्रश्नचिन्ह, मोठा पी, टोकदार कंस, डॉलर. ही चिन्हं फळ्यावर समजावण्यात अख्खी दुपार जायची आणि संध्याकाळी मुलांच्या डोक्यात वेब नाही, डॉलरच उरायचा. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीने 'पाथ' हे फंक्शन दिलं. टोकदार कंसात 'इंट', अपूर्णविराम आणि नाव, झालं काम. ज्यांना जुनी ताकद हवी त्यांच्यासाठी 'री-पाथ' ठेवलं. अनुभवी डेव्हलपरला या बदलाने फारसं काही नवं मिळालं नसेल. पण पहिल्यांदा शिकणाऱ्याची दुपार वाचली. माझ्या हिशेबी त्या आवृत्तीतलं सगळ्यात मोठं फीचर हेच.

पण धडा सोपा होणं म्हणजेच चांगलं फीचर, असं मी मानत नाही. मायग्रेशनचंच घ्या. १.७ च्या आधीचं जँगो नवी टेबलं तयार करायचं, असलेल्या टेबलात बदल मात्र करायचं नाही. मॉडेलमध्ये एक रकाना वाढवला, तर टेबल पाडा नाहीतर हाताने एसक्यूएल लिहा. त्यावर अँड्र्यू गॉडविन यांचं 'साउथ' हे वेगळं पॅकेज लोक वापरायचे. २०१३ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर वर्गणी गोळा केली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये मायग्रेशन जँगोच्या गाभ्यात आलं. त्यामुळे धडा लांबला. आता पहिल्याच दिवशी दोन कमांड शिकवाव्या लागतात आणि त्या दोन का, हेही सांगावं लागतं. आमच्यातले काही जण म्हणतात, हे दुसऱ्या दिवसावर ढकला. मी त्याला ठाम विरोध करते. विद्यार्थी पहिल्याच दिवशी रकाना बदलणार, कारण त्याला त्याचं स्वतःचं काहीतरी करायचं असतं. तेव्हा त्याचा डेटा गेला, तर तो पुन्हा लॅबकडे फिरकत नाही.

आमच्या पॅकेजचं सगळ्यात मोठं काम निघालं ते मात्र मात्रा-वेलांट्यांतून. एका विद्यार्थ्याने गावांच्या नोंदींचं ॲप केलं. शीर्षकावरून युआरएलचा तुकडा, म्हणजे स्लग, तयार करायला जँगोमध्ये 'स्लगिफाय' आहे. त्याने 'पुणे' दिलं, हाती रिकामी स्ट्रिंग आली, कारण मूळ सेटिंग रोमन अक्षरांचं. मग युनिकोड चालू केलं. आता आलं 'पण'. नंतर त्याने 'पाणी' या शीर्षकाची नोंद केली, तिचाही स्लग 'पण'. दोन नोंदी, एकच पत्ता. 'प्रवास' दिला तर 'परवस'. कारण पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये आहे: तिथे 'शब्दातलं अक्षर' म्हणून अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच धरलं जातं. युनिकोडमध्ये आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, हलन्त ही सगळी जोडचिन्हं, म्हणून ती गाळली जातात. मराठीतून उकार-वेलांट्या काढल्यावर मागे काय उरणार?

मग यावर फीचर काय करायचं, याची चर्चा पेटली. पहिला प्रस्ताव रोमन लिप्यंतराचा. त्याचा धडा लिहायला बसलो आणि दुसऱ्या परिच्छेदातच अडकलो. 'कमळ'मधला ळ कसा लिहायचा? शेवटच्या अक्षरातला अ ठेवायचा की टाकायचा? प्रत्येक उत्तराला एक अपवाद आणि प्रत्येक अपवादाला एक तळटीप. प्रस्ताव बाजूला ठेवला. दुसरा प्रस्ताव, देवनागरी मात्रांसकट तशीच ठेवायची. धडा छोटा झाला, पण त्यात एक अप्रिय वाक्य घालावंच लागलं: असा पत्ता कॉपी करून पाठवला की देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हामागे टक्केचिन्हांसह नऊ रोमन अक्षरं होतात. नुसतं 'पाणी' छत्तीस अक्षरांचं. शिवाय 'पाथ'मधला 'स्लग' हा प्रकार फक्त रोमन अक्षरं, अंक, जोडरेघ आणि अंडरस्कोअर ओळखतो, तिथे 'एसटीआर' लिहायचं, हेही सांगावं लागलं.

दोन्ही धडे शेजारी ठेवून वाचताना आमच्यातल्या सगळ्यात तरुण सभासदाने विचारलं, पहिल्या दिवशी स्लग हवाच कशाला? मतदानाच्या ॲपमध्ये पत्त्यात प्रश्नाचा आयडी असतो, तसाच गावाचा आयडी घाला. बरोबर होतं. पहिल्या धड्यातून स्लग उडाला, मात्रा जपणारा स्लग पुढच्या धड्यात गेला आणि लिप्यंतराचा कोड लिहिलाच गेला नाही. न लिहिलेला तो कोड आता कोणाला सांभाळावा लागत नाही, याचं मला फार समाधान आहे. जँगोची नवी आवृत्ती साधारण आठ महिन्यांनी येते. आम्ही दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्तीला, सध्या ५.२ ला, धडे बांधून ठेवतो. तरी आवृत्ती बदलताना प्रत्येक जास्तीचं फंक्शन पुन्हा तपासावं लागतंच.

सध्या यादीत वरती आहे ती एका विद्यार्थिनीची मागणी. पायथनच्या शेलमध्ये तिने सहज 'इंट'ला देवनागरी '१२' दिले आणि उत्तर बारा आलं. पायथनला आपले अंक कळतात, हे कळल्यावर तिने शेजारच्या चौघांना बोलावून दाखवलं. मग तेच युआरएलमध्ये टाकलं तर पान सापडेना, कारण 'पाथ'चा 'इंट' शून्य ते नऊ हे इंग्रजी अंकच जुळवतो. देवनागरी अंक ओळखणारा कन्व्हर्टर तिला हवा आहे. नियमाप्रमाणे तिला धडा आणायला सांगितला. तिने आणला, आणि तो दीड पानात बसला: एक पॅटर्न, पत्त्यातून संख्या काढणारी एक मेथड, संख्येवरून पत्ता बनवणारी दुसरी आणि शेवटी नोंदणीची एक ओळ. सोबत तिने टेस्टही लिहिली आहे आणि त्यातून प्रश्न निघाला की देवनागरी बारा आणि इंग्रजी बारा या दोन्ही पत्त्यांवर एकच पान उघडत असेल, तर जँगोने स्वतः लिंक बनवताना कोणता अंक वापरायचा? तिचं म्हणणं देवनागरी. माझं म्हणणं, ॲप बनवणाऱ्याने सेटिंगमध्ये ठरवावं. तिने मला उलट विचारलं, मग त्या सेटिंगचा धडा कोण लिहिणार? तो मी लिहायला घेतला आहे.