चाळीस किलोमीटरची स्वारी

सराफा, इंदूर

चि. छकुलीस,


तुझं पत्र पावलं. 40 किलोमीटर पुरे केलेस आणि घोडी शेवटच्या तपासणीत पास झाली, हे वाचल्याबरोबर मामीनं देवापुढे साखर ठेवली. पुढचा मजकूर वाचून मात्र मन खट्टू झालं. 80 किलोमीटरवाल्यांची नावं माइकवरून, टाळ्यांच्या गजरात. आणि तुम्हा 40 वाल्यांची प्रमाणपत्रं जेवणाच्या मंडपात टेबलावर गठ्ठ्यानं ठेवलेली, ज्याची त्यानं शोधून घ्यावीत. वर कुणीतरी पाठ थोपटत म्हणालं, "आता खऱ्या स्वारीची तयारी करा." तू विचारतेस, मग मी केलं ते काय होतं?

याचं उत्तर सविस्तर द्यायचं म्हणून रात्रीचा बसलोय. खाली सोन्याचांदीच्या पेढ्यांची शटरं पडली, त्यांच्याच ओट्यांपुढे गाड्या लागल्या, भुट्ट्याच्या किसाचा वास खिडकीतून वर येतोय. दोन वाजेपर्यंत हा गलबला चालणार, तेव्हा सवड भरपूर आहे.

मी महूच्या कॉलेजातून गुरांचा डॉक्टर होऊन बाहेर पडलो. जन्म गाई-म्हशींत गेला, पण लांब पल्ल्याच्या, म्हणजे एंड्युरन्सच्या, स्वाऱ्यांना तपासणीसाठी बोलावणं आलं की मी आनंदानं जात असे. तिथं काय चालतं ते तुला ठाऊक आहे, तरी माझ्या बाजूनं सांगतो. घोडा समोर येतो. डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून मी ठोके मोजतो. वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबतो. पांढरा पडलेला ठिपका किती झटकन पुन्हा गुलाबी होतो ते बघतो. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतो. ती सावकाश खाली बसली तर अंगातलं पाणी कमी झालंय. कुशीला कान देऊन आतडी बोलतायत का ऐकतो, तंगाखाली आणि पाठीवर हात फिरवतो. मग मोतद्दार त्याला दुडकीनं पळवत नेतो आणि आणतो, आणि पाय आखडतोय का ते मी डोळ्यांत तेल घालून पाहतो. यात कुठंही स्वाराला 'तू किती किलोमीटरवाला' असं विचारायची जागा नाही. आपल्या सराफ्यात नथ आणली काय नि पाटल्या आणल्या काय, कसोटीचा दगड तोच असतो, तसंच हे.

या खेळाचा जन्म मोठ्या अंतरातच झाला, हे मान्य. 1955 साली कॅलिफोर्नियात वेंडेल रॉबी आणि त्याचे सोबती सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून एका दिवसात 100 मैल गेले. ती टेविस कपची स्वारी आजही चालते आणि निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच शेवटाला पोचतात. अशा स्वाराला मी उभं राहून नमस्कार करीन. 160 किलोमीटर आणि 40 किलोमीटर एकच, असं मी म्हणत नाही, तूही म्हणू नकोस. पण त्याच टेविसमध्ये 1964 पासून हॅगिन कप देतात. तो पहिल्या दहांत आलेल्यांपैकी सगळ्यात ठणठणीत घोड्याला मिळतो, आणि जाणकार स्वार पहिल्या नंबराइतकाच त्याचा मान मानतात. 1972 साली अमेरिकेत या स्वारांची संघटना निघाली, तिचं ब्रीदच असं की पुरं करणं हाच विजय.

आणि गंमत बघ, त्याच संघटनेत आखूड पल्ल्याच्या स्वारांची तक्रार थेट तुझीच आहे. 25 ते 35 मैलांच्या स्वारीला ते 'मर्यादित अंतर' म्हणतात, तिच्या मैलांचं खातं वेगळं ठेवतात, आणि 50 मैलांच्या आतलं ते एंड्युरन्स म्हणायचंच का, यावर वर्षानुवर्षं वाद घालतात. खातं वेगळं ठेवायला माझी हरकत नाही. पण त्यांचा नियम काय आहे? 50 मैलांच्या स्वारानं रेघ ओलांडली की त्याचं घड्याळ थांबतं. घोड्याचे ठोके खाली यायला पुढे अर्धा तास मिळतो. 25 मैलांच्या, म्हणजे तुझ्या 40 किलोमीटरच्या, स्वाराचं घड्याळ रेघेवर थांबतच नाही. ठोके मिनिटाला 60 वर आले की मगच थांबतं. भरधाव येऊन रेघ गाठली आणि घोडा धापा टाकत उभा राहिला, तर ती मिनिटं त्याच्याच नावावर चढतात. आखूड अंतरात लोक शर्यत लावून घोडा फुकट मारतील, म्हणून हा नियम आहे, आणि तो रास्त आहे. 40 किलोमीटरमध्येसुद्धा घोड्याचं पोट बांधतं, स्नायू आखडून लाकूड होतात. हे मी पाहिलंय. म्हणून ज्याला 'खरी स्वारी नव्हे' म्हणतात, तिच्यात घोडा शांत ठेवण्याचं गणित उलट जास्त काटेकोर आहे. तू पत्रात सहज लिहिलंयस की शेवटचं अंतर खोगिरावरून उतरून घोडीबरोबर चालत आलीस. ते वाचून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मला राग येतो तो तुझ्या अपमानापेक्षाही घोड्यांसाठी. 40 वाल्याला कमी लेखलं की तो पुढच्या महिन्यात 60 ला नाव घालतो, त्यापुढे 80 ला. घोड्याचा दम काही महिन्यांत वाढतो, पण कंडरा आणि हाडं कणखर व्हायला वर्षं लागतात. माणसाला लाज वाटते आणि तिची किंमत जनावर मोजतं. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला हे कळतं, म्हणून नवख्या घोडा-स्वारांना आधी 40 ते 79 किलोमीटरच्या स्वाऱ्या पुऱ्या कराव्या लागतात आणि त्याही ताशी 16 किलोमीटरच्या आत. केरळची निदा अंजुम चेलाट 2023 मध्ये फ्रान्सला तरुणांच्या जागतिक स्पर्धेत 120 किलोमीटर पुरे करून आली. त्या अंतराला पोचणाऱ्या कुणालाही खालच्या पायऱ्या चुकत नाहीत. उलट 2018 मध्ये अमेरिकेत ट्रायनला जागतिक स्पर्धेची 120 किलोमीटरवर आणलेली स्वारी उकाड्यापायी मधेच बंद करावी लागली आणि एक घोडा दगावला. जगातले निवडक स्वार होते ते.

आपल्याकडे अंतराचं वेड जुनं आहे. मी राहतो तिथून राजवाडा दोन मिनिटांवर. होळ गावचा, तळोद्याला मामाकडे वाढलेला मल्हारराव होळकर साध्या स्वारापासून कुठल्या कुठे पोचला, ही गोष्ट ऐकतच इथली मराठी पोरं मोठी होतात. त्यात मजला किती मारल्या तेच रंगवून सांगतात. 17 नोव्हेंबर 1804 च्या पहाटे फर्रुखाबादेस इंग्रज सेनापती लेकच्या घोडदळानं यशवंतराव होळकरांची छावणी गाठली, तेव्हा ते चोवीस तासांत 70 मैलांच्या वर चालून आलं होतं. आपला पराभव असूनही आम्ही शाळेत त्या 70 मैलांचं कौतुकच करायचो. सांगणाऱ्याच्या तोंडी मैल असायचे. घोड्यांना चंदी कोण देत होतं, खरारा कोण करत होतं, पाठी सोललेल्या किती, हे कुणी बोलायचं नाही.

आणि आमच्या इंदूरचीच सुदीप्ती हजेला घे. 2023 च्या आशियाई स्पर्धेत तिच्या संघानं ड्रेसाजचं सुवर्ण आणलं, घोडेस्वारीतलं 41 वर्षांनंतरचं. 60 मीटर लांबीच्या रिंगणात, काही मिनिटांचं काम. तुझा घोडा चिन्स्की किती किलोमीटर चालला असं तिला कुणी विचारलं नाही.

आता करायचं काय ते सांगतो. आयोजकांना साधं पत्र लिही, चिडून नको. सगळ्या अंतरांची नावं एकाच मंचावरून वाचा, स्वाराबरोबर घोड्याचंही नाव घ्या. उत्तम स्थितीतल्या घोड्याचं बक्षीस 40 मध्येही ठेवा, आणि ते डॉक्टरांनी द्यावं. तुझ्याबरोबर त्या साठीच्या बाई होत्या ना, आणि शेतावरचा भीमथडी घोडा घेऊन आलेला मुलगा, त्यांच्याही सह्या घे. त्यांच्याकडे दुसरा घोडा नाही, सरावाला मोकळे दिवस नाहीत. 40 किलोमीटर हीच त्यांची स्वारी आहे आणि पुढेही राहील. त्यांना 'पुढच्या वेळी 80' म्हणत राहिलं तर ती माणसं यायची बंद होतील.

तुला 80 करायचं असेल तर जरूर कर, पण घोडी तयार झाली म्हणून कर. हा मोसम 40 च घे. तिच्या उजव्या पुढच्या पायाला तपासणीत ऊब लागली असं लिहिलंयस, ते मला आवडलेलं नाही. दोन आठवडे खोगीर घालू नकोस, नुसती हातानं फिरव, नालबंदाला बोलावून नाल बघून घे आणि ऊब उतरली की नाही ते उलट टपाली कळव. थंडीत इकडे ये, गराडू तेव्हाच चांगला मिळतो.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा