गडग्याबाहेरचा प्रश्न

पीएच.डी.ची शेवटची परीक्षा तोंडी असते आणि खुली असते. यूजीसीचा २०२२चा नियम असा : मार्गदर्शकाखेरीज निदान दोन बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासतात, त्यातला एक तरी तोंडी परीक्षेला असतो. ऐकायला प्राध्यापक, संशोधक येऊ शकतात. यात गिरणी कामगार कुठे? सूतगिरणीतली रात्रपाळी करून मी मित्राच्या ओळखीने मागच्या बाकावर बसलो.

विषय आपल्या सिंधुदुर्गातला दशावतार. लिहिलेली संहिता नसते, कथा ठरते आणि नट उभ्या उभ्या संवाद रचतो, हे उमेदवाराने संकासुराचं सोंग करून दाखवलं. परीक्षकांनी खोदून विचारलं. तो डगमगला नाही.

अध्यक्ष म्हणाले, आणखी कुणाला काही?

मी उठलो. पाय लटपटत होते. म्हणालो, जत्रेत माझा आजा देवळाच्या गडग्याबाहेर उभा राहायचा. सांगायचा, "माका दशावतार दिसाक नाय, आयकाक इलो." तो तुमच्या कितव्या प्रकरणात आहे?

सगळे गप्प. उमेदवार म्हणाला, "नाही आहे."

त्याला पदवी मिळाली. मिळायलाच हवी, राबला होता तो.

पण आज्याचं प्रकरण कोरंच आहे. ते आपण लिहायचं.