काटा

घाट लागला की काका गप्प व्हायचे. पुण्याहून कराडला परतताना शिरवळपर्यंत त्यांचं तोंड अखंड चालू असे: उसाचा दर, पाटाच्या पाण्याची पाळी, कुणाच्या पोराचं कुठं जमलं. खंबाटकीचा चढ सुरू झाला की मात्र ते पुढे झुकून बसत आणि म्हणत, "काट्याकडं बघ गं पोरी." तापमानाचा काटा त्यांना स्टिअरिंगच्या आड जायचा. गिअरच्या दांड्याला गुडघा लागू न देता मधे अवघडून बसलेली मी तो वाचून दाखवायचे. पांढऱ्यात आहे. अजून पांढऱ्यातच आहे. टेकला तांबड्याला. मग जीप डोंगराच्या कडेला उभी राही. इंजिन ते लगेच बंद करत नसत. पाणी फिरायचं थांबलं की हेड आणखी तापतं, हे त्यांना कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

जीप मूळची पेट्रोलवरची. ऐंशीच्या दशकात जुनं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवून घ्यायची लाट आमच्या भागात आली होती, त्या लाटेत काकांनीही बसवून घेतलं. माणसं नेण्यापेक्षा तिचं काम ओढण्याचंच जास्त. मळणीयंत्र या रानातून त्या रानात न्यायचंय, उसाची ट्रॉली ओढ्यात रुतलीय, कुणाचा टेम्पो हायवेला बंद पडलाय, की लोक काकांच्या दारात. टोचन करण्यात त्यांचा हातखंडा होता. मागच्या बंद गाडीत ते नवख्याला बसू देत नसत. दोर सतत ताणलेला राहील इतपतच ब्रेक त्यानं दाबायचा असतो; दोर ढिला पडून पुन्हा ताणला गेला की त्या हिसक्यानं तुटतो, नाहीतर पुढच्या गाडीचा हूक उपटतो.

इतकं ओढायला लावल्यावर जीप तापणारच. पण खरं दुखणं पाण्यात होतं. आमच्या विहिरीचं पाणी जड. पाणी तापवायच्या हंड्याला आतून बसतो तसा क्षारांचा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसायचा. मग रेडिएटरवाला वरखालच्या टाक्यांचे डाग सोडवून एकेका नळीतून लोखंडी पट्टी सारायचा आणि भुगा बाहेर काढायचा. ते वेळेत झालं नाही की हेड गॅस्केट उडे. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू केलं आणि पाण्यात बुडबुडे आले, तर समजायचं की सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. डिपस्टिकला पांढुरकं ऑइल लागलं, तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. मिस्त्री हे बघत असताना काका तोंड फिरवून उभे राहत.

आणखी एक प्रकार तेव्हा सर्रास चाले. कारखान्याचा हंगाम जवळ आला की ट्रॅक्टरवाले पंप-नोझलच्या दुकानी रांग लावत आणि पंप 'वाढवून' घेत. एक स्क्रू फिरवायचा, दर फेऱ्याला डिझेल जास्त पडतं, दोन ट्रॉल्या जिथे रडत चढायच्या तिथे हसत चढतात. मागून काळा धूर निघतो तो न जळलेल्या डिझेलचा. हवा तेवढीच आणि इंधन जास्त, त्यामुळे धुराड्यातली उष्णता भलतीच वाढते, पण पाण्याच्या काट्याला ती कळायला वेळ लागतो. तोवर पिस्टनचा माथा वितळायला सुरुवातही झालेली असते. काकांनी त्या स्क्रूला कधी हात लावू दिला नाही. "ताकद काय फुकट येती व्हय?" एवढंच म्हणायचे.

पुढे पुण्यात इंजिनिअरिंगला आले. कोथरूडला जाताना किर्लोस्कर कमिन्सच्या कारखान्यावरून बस जायची. १९६२ साली सुरू झालेल्या या कंपनीचं अर्धं नाव अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावचं. तिथे एका बँकरचा ड्रायव्हर असलेल्या क्लेसी कमिन्सनं त्याच मालकाच्या पैशावर १९१९मध्ये डिझेल इंजिनांची कंपनी काढली होती. ड्रायव्हरनं काढलेली कंपनी, ही गोष्ट मी काकांना सांगितली, तेव्हा ते भलतेच खूश झाले. वर्गात शिकलेलं मात्र त्यांना सांगूनही पटेना. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली की तीच इतकी तापते की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. इंधनातल्या उष्णतेपैकी फार तर चाळीसेक टक्के कामी येते, बाकीची धुराड्यातून आणि पाण्यातून बाहेर टाकावी लागते. ज्या तापण्याला ते आयुष्यभर भ्यायले, त्याच्यावरच त्यांची जीप चालत होती.

लग्नानंतर आम्ही कोलोरॅडोत आलो आणि काही वर्षांनी नवऱ्याला कॅम्परचं वेड लागलं. मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. ते ओढायला पिकअप ट्रक हवा. आणलं त्याच्या हौसेनं आणि चालवते मी, कारण घाटात त्याचे हात गारठतात. जुना डॉज घेतला. बॉनेट उघडलं, कमिन्सचं नाव वाचलं आणि किंमत पाडायची विसरले. १९८९च्या मॉडेलपासून डॉजच्या पिकअपमध्ये हे ५.९ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडरांचं इंजिन यायला लागलं. सुरुवातीला ताकद १६० अश्वशक्ती, पीळ ४०० पाउंड-फूट. आज त्याच घराण्यातलं इंजिन हजाराच्या वर पीळ देतं.

हे इंजिन लोक नातवंडांना देण्याच्या गोष्टी करतात, पण त्याच्याही पोटात एक कुरापत आहे. पुढच्या गिअरांच्या पेटीमागे पोलादाची एक छोटी पिन असते. कारखान्यात जोडणीच्या वेळी भाग जागेवर बसावेत एवढ्यापुरताच तिचा उपयोग. पुढे वर्षानुवर्षांच्या थरथराटानं काही इंजिनांत ती सैल होऊन बाहेर येते आणि सरळ टायमिंगच्या गिअरांत पडते. अमेरिकन मंडळी तिला 'खुनी पिन' म्हणतात. तिच्या तोंडावर पत्र्याची एक टिकली बोल्टखाली दाबून बसवली की काम झालं. टिकली स्वस्त, पण तिथवर पोचायला रेडिएटरचा पंखा, पट्टे, कप्पी असं सगळं पुढून उतरवावं लागतं. मी सुट्टीच्या दिवशी ते केलं. पिन जागेवरच होती.

त्या ट्रकचा काटा प्रामाणिक होता. थर्मोस्टॅट उघडला की जरासा खाली यायचा, चढाला लागलं की वर सरकायचा. आताच्या बहुतेक गाड्यांत तसं होत नाही. सेन्सर खरं तापमान संगणकाला सांगतो आणि संगणक बऱ्याच रुंद पट्ट्यात काटा मधोमध धरून ठेवतो, कारण काटा हलला की गिऱ्हाईक घाबरतं आणि शोरूमच्या दारात येऊन उभं राहतं. म्हणजे काटा हललाच, तर घाबरण्याची वेळ निघून गेलेली असते. ज्याला जड ओढायचंय त्याच्यासाठी हा काटा शोभेचा, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून तिथले जाणते लोक डॅशबोर्डाखालच्या सॉकेटला वेगळं मीटर जोडतात आणि आकड्यात तापमान बघतात: पाण्याचं, ऑइलचं, गिअरबॉक्सचं, धुराड्याचं.

त्या मीटरांचा खप फोर्डच्या एका इंजिनानं बराच वाढवला असणार. २००३ ते २००७ या काळात त्यांच्या मोठ्या पिकअपमध्ये नॅविस्टार कंपनीनं बनवलेलं ६ लिटरचं व्ही-८ डिझेल येई. ऑइल थंड करणारा कूलर व्हीच्या बेचक्यात, इंजिनाच्या पार पोटात. त्याच्या वाटा अरुंद. ओतकामात राहिलेली रेती आणि कूलंटमधला साका तिथे अडकतो. त्याच्यातून निघालेलं पाणी पुढे धूर थंड करणाऱ्या दुसऱ्या कूलरला जातं. ते पुरेसं पोचलं नाही की हा दुसरा कूलर उकळतो, फुटतो, पाणी इंजिनात शिरतं आणि हेड गॅस्केट उडतं. हेड दाबून धरायला दर सिलिंडरमागे चारच बोल्ट. दुरुस्तीला बसणारे गॅरेजवाले अनेकदा ट्रकची केबिनच लिफ्टवर उचलून बाजूला करतात, नाहीतर हात पोचत नाही. दुरुस्तीच्या खर्चावरून फोर्ड आणि नॅविस्टार २००७मध्ये कोर्टात गेले आणि २००९मध्ये त्यांनी तडजोड केली. या सगळ्याची आगाऊ खूण एकच: सपाट रस्त्यावर ऑइलचं तापमान पाण्यापेक्षा पंधरा अंश फॅरनहाइटहून जास्त चढलं, तर कूलर तुंबतोय. मला हे वाचताना आमचा रेडिएटरवाला आठवला. त्याची पट्टी इथे कुठून सारायची?

काट्याला न कळणारीही दुखणी आहेत. अलीकडच्या पिकअपमध्ये डिझेलचा दाब तयार करणारा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, आणि अमेरिकन डिझेल युरोपातल्यापेक्षा कमी वंगण देणारं चालतं. पंप आतून झिजला की लोखंडाचा कीस टाकीपासून नोझलपर्यंत सगळीकडे पसरतो आणि सगळी यंत्रणा बदलावी लागते. त्या बिलात जुना ट्रक येईल.

मुलं मोठी झाली तसा कॅम्पर वाढला आणि जुन्याच्या जोडीला नवा ट्रक आला. त्याची कंपनी सांगत नाही. तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या ट्रकांचे मालक आपापल्या गाडीवर सारखेच करवादतात. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,१५८ फुटांवर पोचतो. चढ सात टक्क्यांपर्यंत, हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, टर्बो जिवाच्या आकांतानं ओरडत असतो. ऐन चढात पडद्यावर अक्षरं आली: युरियाच्या द्रावणात दोष आहे, अमुक मैलांनंतर वेग ताशी पाच मैलांवर आणला जाईल. काटा मधोमध. माझ्या जोडमीटरवरचे सगळे आकडे ठीक. इंजिनाला काहीच झालं नव्हतं. धूर स्वच्छ करणाऱ्या साखळीतला एक सेन्सर मेला होता आणि तो इंजिनाला शिक्षा देत होता. बोगद्यापलीकडच्या गावात एक मेक्सिकन मेकॅनिक भेटला. स्कॅनर लावून त्यानं निदान केलं, सेन्सर दुसऱ्या दिवशी यायचा होता. तो येईपर्यंत कॅम्पर त्याच्याच अंगणात. त्याच्या बायकोनं आणून दिलेल्या तामालेंपुढे आमची ठेपल्यांची चळत गेली.

निघताना तो हळूच म्हणाला, हवं असेल तर ही सगळी फिल्टरची भानगड उपटून टाकणारे लोक मला माहीत आहेत. गाडी हलकी होते, ताकद वाढते, मायलेज सुधारतं. ते बेकायदेशीर आहे हे त्यालाही माहीत होतं. असे ट्रक मी रोज बघते. सिग्नल सुटला की मुद्दाम काळ्या धुराचा लोट सोडतात. साखरपट्ट्यातल्या त्या स्क्रूचंच हे श्रीमंत भावंड, फरक इतकाच की आमच्याकडे निदान ऊस ओढला जायचा. मी नको म्हटलं. पुढे २०२३च्या डिसेंबरात बातमी आली की २०१३ ते २०१९ या काळातल्या लाखो पिकअपमध्ये प्रदूषण नियंत्रणाला बगल देणारं सॉफ्टवेअर असल्याच्या आरोपावरून कमिन्स १६७.५ कोटी डॉलर दंड भरायला तयार झाली. स्वच्छ हवेच्या अमेरिकन कायद्याखालचा हा सर्वांत मोठा दिवाणी दंड. कोथरूडची बस आठवून मला वाईट वाटलं, आणि काका हयात नाहीत हे त्या दिवशी बरं वाटलं.

काकांचा नातू कराडला पिकअप चालवतो. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ आलं आणि त्याच्याही गाडीत तो काजळी पकडणारा फिल्टर आहे. परवा त्याचा फोन. "आत्या, दिवा पेटलाय. शोरूमवाला म्हणतो, रिकामी का होईना पण हायवेला अर्धा तास ताणून आण." मी म्हटलं, बरोबर सांगतोय. दिवसभर मार्केट यार्डात थांबत-थांबत फिरल्यावर धूर तापतच नाही, आणि फिल्टरमधली काजळी जाळायला साडेपाचशे-सहाशे अंश लागतात. जड ओढणाऱ्या ट्रकांना म्हणूनच हा त्रास कमी होतो. यांना तापू द्यावं लागतं.

तो थोडा वेळ गप्प. आजोबा घाटात काट्याकडे बघायला लावायचे हे त्यानंही ऐकलेलं आहे. मग म्हणाला, "रिकामी कशाला? साताऱ्याला पेंडीची पोती जायचीच आहेत."

तासाभरानं त्याचा मेसेज आला. दिवा उंब्रजच्या पुढे विझला होता, आणि साताऱ्याहून परत येताना काही भाडं मिळतंय का, म्हणून तो अजून मार्केटमध्येच थांबला होता.